उत्तर बरोबर, पण का?

'सर उलटले की उसातून मिळतो (२)'. ही ओळ वाचून एखाद्या शिक्षकाच्या कपाळावर आठी उमटेल; पण ती एका शब्दकोड्यातली सूचना आहे. कंसातला आकडा उत्तरातील अक्षरांची संख्या सांगतो. उसातून काय मिळतो? रस. आणि 'सर' हा शब्द उलटा वाचला तर? पुन्हा रसच.

नेहमीच्या शब्दकोड्यात उत्तराकडे जाणारी वाट एकच असते, ती म्हणजे अर्थाची. 'क्रिप्टिक' शब्दकोड्यात मात्र प्रत्येक सूचनेचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा अर्थ असतो, तर दुसऱ्यात ते उत्तर अक्षरांतून घडवण्याची कृती. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी आल्या, तरच उत्तर बरोबर.

ही कृती निरनिराळ्या प्रकारची असते. 'नवरा जातो, त्यात दडलेला नृप (२)' : सलग अक्षरे पाहिली तर मधोमध 'राजा' सापडतो. 'दिव्याला हात जोडले की सूर्य (४)' : येथे नमस्काराचा काही संबंध नाही. हात म्हणजे 'कर', तो 'दिवा' या शब्दाला जोडायचा, झाला दिवाकर. वरवर दिसणारा अर्थ आपल्याला भलतीकडे नेतो. कोडे रचणाऱ्याचे कसब त्यातच असते.

शब्दकोडे प्रथम छापले गेले ते २१ डिसेंबर १९१३ रोजी, 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात. ते आर्थर विन यांनी रचले होते. त्याला हे फसवे रूप आले ते मात्र ब्रिटनमध्ये. 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या वृत्तपत्रात १९२६ पासून 'टॉर्केमाडा', १९३९ पासून 'झिमेनेस' आणि १९७२ पासून 'अझेड' अशा टोपणनावांनी कोडी येऊ लागली. पहिली दोन नावे स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशांची. तिसरेही तसेच, पण 'देझा' हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटे लिहून केलेले! 'झिमेनेस' यांनी १९६६ साली एका पुस्तकात या खेळाचे नियम मांडले. सूचना कितीही फसवी असो, ती प्रामाणिक असली पाहिजे, तिच्यात एकही शब्द निरर्थक नसावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या आणि 'अझेड' यांच्या स्पर्धांत नुसते कोडे सोडवून भागत नसे. दिलेल्या एका शब्दासाठी स्वतः सूचना रचून पाठवावी लागे. निवडक सूचना शेऱ्यांसह एका पत्रकात छापून वर्गणीदारांना टपालाने जात. म्हणजे एकमेकांचे विचार ताडून पाहणे हा या छंदाचा भागच होता.

ताडून पाहण्याचा उपयोग काय, ते मला एका साध्या सूचनेने शिकवले. आम्ही चार-पाच सहकारी आठवड्याला एक मराठी कोडे आपापसांत फिरवतो आणि सोमवारी चहाच्या वेळी उत्तरे मिळवून पाहतो. एकदा सूचना होती : 'कमल विस्कटले, कायद्याच्या पुस्तकात सापडते (३)'. उभ्या शब्दामुळे शेवटचे अक्षर 'म' आलेले होते. मी बेधडक 'नियम' लिहिले. अर्थ जुळत होता, अक्षरे तीन होती आणि शेवटी 'म'ही होता. सोमवारी एका मैत्रिणीने एवढेच विचारले, "मग कमलचे काय केलेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. 'कमल' या शब्दातील अक्षरे विस्कटली की 'कलम' होते. मी अर्धी सूचना वापरली होती आणि उरलेली अर्धी सोडून दिली होती. आलेखावरचा एखादा बिंदू रेषेत बसत नाही म्हणून त्याच्याकडे काणाडोळा करावा, तसेच हे झाले. येथे निकाल कोडे रचणाऱ्याने दिला नाही, की वयाने मोठ्या माणसानेही नाही. जे उत्तर सूचनेतल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब देते, ते टिकले.

मग ते मला का दिसले नाही? मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांचा १९४२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे आठवतो. २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी आहेत. १०० मापे पाणी मोजायचे आहे. १२७ मधून एकदा २१ आणि दोनदा ३ काढले की झाले. याच रीतीची काही उदाहरणे सोडवून घेतल्यावर त्यांनी विचारले : भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, पाणी हवे २०. बहुतेकांनी पुन्हा तीच लांबची रीत वापरली. २३ मधून ३ काढले की काम होते, हे त्यांच्या लक्षात आले नाही. सराव न दिलेल्यांना मात्र सोपी वाट सहज दिसली. मन एकदा चाकोरीत गेले की तिथेच फिरत राहते. 'कायदा' म्हणताच माझे मन 'नियम'पाशी थांबले. मैत्रीण त्या चाकोरीत शिरलेली नव्हती, म्हणून तिला ते दिसले.

वर्गात हा खेळ करून पाहण्यासारखा आहे. मुलांचे गट करून प्रत्येक गटाने दोन सूचना रचाव्यात आणि दुसऱ्या गटाने त्या सोडवाव्यात. अट एकच : उत्तराला अर्धे गुण, 'ते का बरोबर' हे सांगण्याला अर्धे. उत्तर चुकले आहे हे शिक्षकांनी सांगू नये, वर्गालाच ठरवू द्यावे. गणिताच्या वहीत उत्तर जुळले की पुढे सरकणारी मुले येथे थोडी अडखळतील, अडखळू द्यावीत.

सुरुवातीला ही सूचना फळ्यावर लिहिता येईल : 'माळी बांधतो, पोलीस लावतात (३)'. उत्तर या लेखात येऊन गेले आहे. ते बरोबर आहे की नाही, हे ठरवायला लेखकाची गरज नाही.