विश्लेषण : चित्रांचा संच विकत घेतला, पण नकाशा कोणाचा?

चित्रकलेचा गंध नसलेली व्यक्तीही आज संगणकावर तासा-दोन तासांत पडक्या किल्ल्याचा, गुहेचा किंवा नदीवरील पुलाचा देखणा नकाशा तयार करू शकते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या रोल-प्लेइंग खेळांत वापरले जाणारे हे नकाशे बहुधा तयार चित्रांच्या संचांतून, म्हणजे ‘असेट पॅक’मधून साकारतात. मित्रांबरोबर खेळायचे असेल, तर फारशी अडचण येत नाही. तोच नकाशा विकायचा ठरवला, की त्यातील प्रत्येक झाड आणि प्रत्येक दगड कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो.

बॅटल मॅप म्हणजे काय?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. छोट्या सैनिकांच्या प्रतिमा मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून तो विकसित झाला. यात एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो आणि बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. चकमक सुरू झाली, की कोण कुठे उभा आहे, बाण कुठवर पोहोचेल, खांबाआड लपता येईल का, हे ठरवावे लागते. त्यासाठी वरून पाहिल्यासारखा, चौकोन आखलेला नकाशा लागतो. तोच बॅटल मॅप. प्रचलित पद्धतीत एक चौकोन म्हणजे खेळातील जगाचे ५ फूट. ज्या पात्राचा वेग ३० फूट, ते एका खेपेत ६ चौकोन चालते. टेबलावर हा चौकोन १ इंचाचा असतो. ‘रोल२०’ किंवा ‘फाउंड्री’सारख्या व्हर्च्युअल टेबलटॉपवर तो पिक्सेलमध्ये मोजला जातो.

असेट पॅकमध्ये काय असते?

साधारणपणे तीन गोष्टी असतात. पहिली, पोत : गवत, फरशी, चिखल, पाणी यांची चित्रे. ती एकमेकांना जोडली तरी सांधा दिसत नाही. दुसरी, वस्तू : टेबल, पिंप, झाड, पलंग यांची पारदर्शक पार्श्वभूमी असलेली पीएनजी चित्रे. तिसरी, भिंती, रस्ते आणि कडे यांचे तुकडे, जे हव्या त्या रेषेत वळवता येतात. ‘डंजनड्राफ्ट’सारखे सॉफ्टवेअर असे पॅक थेट उघडते. फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या ‘गिम्प’मध्येही ते वापरता येतात.

नकाशा कसा तयार होतो?

थरांमध्ये. सर्वांत खाली जमीन, त्यावर भिंती, मग सामानसुमान आणि शेवटी सावल्या व उजेड. येथे नवशिक्यांचे दोन ठिकाणी अडते. पहिले म्हणजे प्रमाण. दार एका चौकोनाचे असेल आणि शेजारची खुर्चीही तेवढीच, तर खोली राक्षसाची वाटू लागते. दुसरे म्हणजे सावली. एका पॅकमधील झाडाची सावली उजवीकडे आणि दुसऱ्या पॅकमधील घराची डावीकडे पडत असेल, तर काय बिघडले हे खेळणाऱ्याला सांगता येत नाही, पण चित्र त्याच्या डोळ्यांना खुपते. म्हणून भिन्न शैलींचे दहा पॅक गोळा करण्यापेक्षा एकाच चित्रकाराचे दोन पॅक अधिक उपयोगी ठरतात.

फाइल किती मोठी असावी?

समजा, नकाशा ३० बाय २० चौकोनांचा आहे. प्रत्येक चौकोनाला १४० पिक्सेल दिले, तर चित्र ४२०० बाय २८०० पिक्सेलचे होते. डाऊनलोड होणारी फाइल लहान असली, तरी पडद्यावर दाखवताना ती पूर्ण उलगडते आणि सुमारे ४७ एमबी जागा घेते. चौकोनाला २५६ पिक्सेल दिल्यास हाच आकडा सुमारे १५७ एमबीवर जातो. जुन्या लॅपटॉपवर खेळणारा नेमका येथेच अडकतो. छापायचे असल्यास गणित वेगळे. ए-४ कागद आडवा धरला, की त्यावर १० बाय ७ चौकोन बसतात. म्हणजे हा नकाशा ९ पानांत छापून चिकटवता येतो.

पॅक विकत घेतला म्हणजे चित्रे आपली झाली का?

नाही. पैसे मोजून मिळतो तो परवाना. स्वामित्वहक्क चित्रकाराकडेच राहतो. परवाना वाचताना चार प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. स्वतःच्या खेळात वापरता येईल का? तयार नकाशा इतरांना मोफत देता येईल का? तो विकता येईल का? आणि मूळ चित्रे सुटी करून देता येतील का? पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ आणि चौथ्याचे बहुतेक वेळा ‘नाही’ असते. खरी गफलत मधल्या दोन प्रश्नांत होते. काही ठिकाणी उत्तर किमतीनुसार बदलते. ‘इंकारनेट’ या नकाशा बनवण्याच्या संकेतस्थळाची मोफत आवृत्ती वैयक्तिक वापरापुरती आहे, व्यावसायिक वापराची मुभा सशुल्क आवृत्तीत मिळते. अनेक पॅकमध्ये आणखी एक अट असते : नकाशा एकसंध चित्राच्या रूपातच द्यावा. टेबल-खुर्च्या हलवता येतील अशी फाइल दिली, तर ते मूळ चित्रांचे वाटप ठरते.

क्रिएटिव्ह कॉमन्स असेल तर?

मग अक्षरे पाहावीत. ‘सीसी बाय’ असेल, तर श्रेय देऊन विक्रीही करता येते. ‘एनसी’ जोडलेले असेल, तर व्यावसायिक वापर नाही. ‘एसए’ म्हणजे त्यातून घडवलेली कलाकृती त्याच परवान्याखाली द्यावी लागते. ‘एनडी’ असेल, तर बदल केलेली आवृत्ती इतरांना देता येत नाही. ‘सीसी झीरो’मध्ये निर्माता कायद्याने शक्य तेवढे सर्व हक्क सोडतो. नेदरलँड्समधील ‘केनी’ या संचाची चित्रे याच प्रकारात मिळतात. पेच येतो मिश्रणात. ‘बाय-एसए’ आणि ‘बाय-एनसी-एसए’ परवान्यांची चित्रे मिसळून केलेला नकाशा दोन्ही अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. चाळीस चित्रांच्या नकाशात ‘एनसी’चे एक पिंप असले, तरी तो नकाशा तसाच विकता येत नाही.

खेळाचे नियम खुले आहेत ना?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालकी असलेल्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने आपला जुना खुला परवाना बदलण्याचा प्रयत्न केला. त्याचा मसुदा जानेवारी २०२३ मध्ये फुटला आणि खेळाडू व लहान प्रकाशकांनी तीव्र विरोध केला. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि मूलभूत नियमांचा दस्तावेज ‘सीसी बाय ४.०’ परवान्याखाली खुला केला. मात्र खुले झाले ते त्या दस्तावेजातील नियम. कंपनीच्या पुस्तकांतील चित्रे आणि नकाशे त्यात येत नाहीत.

‘एआय’ने हा प्रश्न सुटतो का?

‘एआय’ने काढलेला नकाशा लांबून चांगला दिसतो. चौकोन टाकले, की भिंती रेषेत बसत नाहीत आणि जिने कुठेच जात नाहीत. पॅकमधून केलेल्या नकाशात भिंती, दारे आणि दिवे कुठे आहेत ही माहितीही फाइलसोबत देता येते. त्यामुळे पात्राला भिंतीपलीकडचे दिसत नाही. निव्वळ चित्रात ही सोय नसते. शिवाय मानवी सर्जन नसलेल्या चित्राला अमेरिकेचे कॉपीराइट कार्यालय संरक्षण देत नाही. म्हणजे आपण विकलेल्या अशा नकाशाची कोणी नक्कल केली, तर हक्क सांगणे कठीण.

भारतातील निर्मात्यांनी काय लक्षात घ्यावे?

पॅक काढणारे बहुतांश चित्रकार एकटे किंवा दोघे-तिघे मिळून काम करतात आणि परवान्याचे शुल्क हेच त्यांचे उत्पन्न असते. भारतातून असे पॅक विकणाऱ्यांनी स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मधील एक तरतूद ध्यानात ठेवावी. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल, तर केवळ भारत. जगभर विकायचे असेल, तर तसे लेखी हवे. नकाशा बनवणाऱ्यासाठी उपाय साधा आहे. पॅक डाऊनलोड करताच त्याचा परवाना त्याच फोल्डरमध्ये जपावा आणि कोणत्या नकाशात कोणते पॅक वापरले, याची नोंद ठेवावी. दोन वर्षांनी नकाशा विकायचा ठरला, तर त्यातील पिंप कुठून आले हे आठवणीच्या भरवशावर शोधावे लागणार नाही.