कॅमेरा घरातला, पासवर्ड जगजाहीर

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय? हॅकर आमच्या वाटेला कशाला जाईल?’ घरात सीसीटीव्ही किंवा वाय-फायचा राउटर बसवताना सुरक्षिततेचा विषय निघाला, की हे हमखास ऐकू येतं. हल्लेखोर आधी माणूस हेरतो, मग त्याच्या मागे लागतो, अशी आपली समजूत असते. मोठ्या बँकेच्या बाबतीत ती खरीही असेल. घरातल्या उपकरणांच्या बाबतीत मात्र तुमचं नाव-गाव बहुधा कुणी पाहतच नाही. इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाला एक आकडी पत्ता असतो आणि असे लाखो पत्ते ठोठावत जाणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. जे दार उघडेल त्यात ते शिरतात.

२०१६ साली पसरलेला ‘मिराई’ हा असाच प्रोग्राम. त्याच्यापाशी साठेक जोड्यांची एक यादी होती, कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम आणि पासवर्डची. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ ही त्यातलीच एक जोडी. समोर आलेल्या कॅमेऱ्यावर, चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरवर, राउटरवर तो ही यादी आजमावून पाहायचा. एवढ्या भांडवलावर ऐन भरात असताना सुमारे ६ लाख उपकरणं त्याच्या ताब्यात होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा भडिमार केला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणं हे या कंपनीचं काम. ते कोलमडलं, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेत अनेकांना काही तास उघडेनात.

एवढा उत्पात घडवणारी डोकी अचाट असतील, असंही आपल्याला वाटतं. मिराई लिहिणारे तिघे विशीच्या आसपासचे तरुण होते आणि सुरुवातीला त्यांचं लक्ष होतं ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या सर्व्हरवर. सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस मिराईचा कोड उघड्यावर टाकला गेला, त्यामुळे पुढे तो कुणालाही वापरता आला. डिसेंबर २०१७ मध्ये तिघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

‘कॅमेरा तर नीट चालतोय की!’ हा दिलासा फसवा आहे. मिराई शिरलेला कॅमेराही चित्र दाखवतच होता. मालकाला पत्ता लागला नाही, तेच हल्लेखोराच्या सोयीचं होतं. उपकरण बंद करून पुन्हा चालू केलं की मिराई पुसला जायचा, कारण तो तात्पुरत्या स्मृतीतच राहायचा. पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत तो परत यायचा.

‘आम्ही पासवर्ड बदललाय’ असं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा वाय-फायचा बदललेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड वेगळा असतो, आणि तो कित्येक घरांत पहिल्या दिवसापासून तसाच आहे. आणखी वाईट म्हणजे, मिराईच्या तावडीत सापडलेल्या काही कॅमेऱ्यांत मालकाने पासवर्ड बदलला तरी आतला दुसरा, कारखान्यात कोरून ठेवलेला पासवर्ड तसाच राहत होता. तो बदलायची सोयच नव्हती. अशा वेळी ‘ग्राहकाने जागरूक राहावं’ हा उपदेश मला अन्यायाचा वाटतो. दोष बनवणाऱ्याचा आहे. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सर्वांना सारखे, सहज ओळखता येणारे पासवर्ड कायद्यानेच बंद केले, हे योग्य झालं.

आणि चोरण्यासारखं काय, याचं उत्तर फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटला मिळालं. तिथल्या एका प्रसूतिरुग्णालयातलं, तपासणीच्या वेळचं स्त्रियांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात होतं. कॅमेऱ्यांचे कच्चे पासवर्ड फोडून ते मिळवल्याचं तपासात पुढे आलं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही होते. त्या बायकांचा यात काय दोष? पासवर्ड त्यांचा नव्हता, कॅमेराही त्यांचा नव्हता. तपासणीच्या खोलीत कॅमेरा मुळात असायलाच नको होता.

म्हणून कॅमेरा बसवणारा निघण्याआधी त्याच्यासमोरच राउटर, डीव्हीआर आणि अ‍ॅप या तिन्हींचे पासवर्ड स्वतः बदला, आणि त्याच्या मोबाइलवर तुमचा कॅमेरा जोडलेला राहिला नाही ना, तेही पाहा. बाहेरगावाहून बघायची गरज नसेल तर ती सोय बंद ठेवा. राउटरमधली ‘यूपीएनपी’ही बंद करा, कारण ती तुम्हाला न विचारता बाहेरून आत यायची वाट उघडून देते. कंपनीने अपडेट देणंच थांबवलं असेल तर ते उपकरण इंटरनेटवरून काढा. झोपायच्या खोलीत कॅमेरा नकोच. आणि चित्रण बाहेर गेल्याचं कळलं तर गप्प बसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते.