साठ हजार युरो म्हणजे साठ लाख रुपये नव्हेत

परदेशातल्या नोकरीचं ऑफर लेटर हातात पडलं की पुण्यातल्या घरात पहिला गुणाकार होतो तो विनिमय दराचा. 2025 मध्ये युरोने शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला, त्यामुळे हा गुणाकार आता तोंडीही करता येतो. वर्षाला 60,000 युरो, म्हणजे साठ लाख. इथे वीस लाख मिळतात, म्हणजे तिप्पट. एवढ्यावर राजीनामा लिहायला बसणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते. गुणाकार बरोबर असतो, पण तो चुकीच्या आकड्याचा केलेला असतो.

जर्मनीचं उदाहरण मुद्दाम घेतो आहे. चाकण, पिंपरी, हिंजवडी या पट्ट्यातून तिकडे जाणाऱ्या इंजिनिअरांची संख्या मोठी आहे. शिवाय 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच राज्याची राजधानी स्टुटगार्ट, म्हणून हिशेबही तिथलाच मांडू. कराचे आणि विम्याचे आकडे 2025 चे आहेत. सोयीसाठी 1 युरो म्हणजे 100 रुपये धरले आहेत.

«तिकडे अर्धा पगार टॅक्समध्ये जातो»

हा समज गेली अनेक वर्षं टिकून आहे. जर्मनीत पगारातून बरंच कापलं जातं हे खरं, पण त्यातला मोठा भाग कर नसून सामाजिक विम्याचा हप्ता असतो. पेन्शनसाठी पगाराच्या 18.6 टक्के, आरोग्य विम्यासाठी 14.6 टक्के आणि त्यावर विमा कंपनीगणिक बदलणारा सरासरी अडीच टक्क्यांचा जादा भार, बेरोजगारी विम्यासाठी 2.6 टक्के आणि वृद्धापकाळातल्या शुश्रूषेच्या विम्यासाठी 3.6 टक्के. यातला साधारण अर्धा वाटा तुमचा आणि अर्धा कंपनीचा. चर्चचा वेगळा कर असतो, पण तो फक्त चर्चच्या नोंदणीकृत सदस्यांना.

महिना 5,000 युरो पगार असेल तर एकट्या माणसाच्या हातात साधारण 3,100 येतात. जोडीदार कमवत नसेल आणि एक मूल असेल तर वेगळा करवर्ग मिळतो आणि हातात साधारण 3,500 पडतात. शिवाय 2025 मध्ये प्रत्येक मुलामागे सरकार दरमहा 255 युरो देत होतं. म्हणजे तीन माणसांच्या घरात 3,750 च्या आसपास येतात. अर्धा पगार गेला, असं म्हणायला जागाच नाही.

इथे आणखी एक गल्लत होते. आपल्याकडचा वीस लाखांचा आकडा बहुधा सीटीसीचा असतो. त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही मिळवलेली असते. जर्मन ऑफर लेटरमधल्या आकड्यात कंपनीचा विम्यातला वाटा धरलेला नसतो. तो वर वेगळा भरला जातो. सीटीसीची तुलना त्या आकड्याशी केली की पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. तुलना करायची ती दोन्हीकडे हातात येणाऱ्या रकमांची.

«इंटरनेटवरची तुलना बघितली, उत्तर मिळालं»

नुंबेओसारख्या संकेतस्थळावरचे भाव लोकांनीच भरलेले असतात. मुंबई, बर्लिन, न्यूयॉर्क यांच्याबाबतीत ते बऱ्यापैकी जमतात, लहान शहरांत नोंदी कमी असतात. मर्सर या सल्लागार कंपनीची महागड्या शहरांची क्रमवारी तर कंपन्यांसाठी केलेली असते. दुसऱ्या देशात पाठवलेल्या अधिकाऱ्याला किती भत्ता द्यायचा हे त्यांना ठरवायचं असतं. त्या अधिकाऱ्याची यादी आणि पिंपळे सौदागरमधल्या कुटुंबाची यादी यांचा फारसा संबंध नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ क्रयशक्तीच्या आकड्याने होतो. त्या हिशेबाने भारतात साधारण वीस रुपयांत जे येतं त्याला जर्मनीत पाऊण युरोच्या आसपास लागतो, म्हणजे एक युरो साधारण अठ्ठावीस रुपयांचा. मग कुणीतरी सांगतं, «साठ हजार युरो म्हणजे खरे सतराच लाख, तुमचं नुकसान आहे.» हा निष्कर्षही पहिल्या गुणाकाराइतकाच चुकीचा आहे. क्रयशक्ती काढताना अख्ख्या अर्थव्यवस्थेचा हिशेब होतो. त्यात केस कापण्याचा दर येतो, तसा सरकारी शिक्षकाचा पगार आणि बांधकामाचा खर्चही येतो. आपल्याकडच्या स्वस्त मजुरीमुळे भारताचा आकडा खाली येतो. पण मध्यमवर्गीय इंजिनिअरच्या घरात लॅपटॉप, मोबाइल, गाडी, विमानाची तिकिटं हेही लागतं, आणि आयफोन काही भारतात स्वस्त मिळत नाही. शंभरने गुणू नका आणि अठ्ठावीसनेही गुणू नका. पुण्यात होणारा खर्च रुपयांत मांडा, स्टुटगार्टमधला युरोत. रुपयांत बदलायचे ते फक्त शेवटी घरी पाठवायला उरणारे पैसे.

«भाडं माहीत आहे, बाकी किरकोळ»

भाड्याचा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण पहिल्या तीन महिन्यांतली सगळी ओढाताण इथेच होते. जाहिरातीत दिसतो तो आकडा बहुतेकदा काल्टमीट, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यावर हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई हे खर्च मिळवले की वार्ममीट होते. पंच्याहत्तर चौरस मीटरच्या घराला 1,200 युरो लिहिले असतील तर महिन्याला 1,500 द्यावे लागतील असं धरून चला. वीज आणि इंटरनेट त्यातही बहुधा नसतं. विजेचा दर युनिटला चाळीस सेंटच्या आसपास असतो. हीटिंगसाठी दरमहा भरता तो अंदाज असतो. वर्षाचा हिशेब झाल्यावर थंडीत जास्त वापर झाला असेल तर फरकाचं बिल येतं आणि नवख्या माणसाला ते काहीशे युरोंचं असू शकतं.

आता घराच्या आत जाऊ. आपल्याकडे फर्निचर नसलेला फ्लॅट घेतला तरी ओटा, सिंक, ट्यूबलाइट, पंखे असतात. जर्मनीत स्वयंपाकघर म्हणून दाखवतात ती खोली कित्येकदा चार भिंतींचीच असते. भिंतीतून नळाचे दोन पाइप आणि शेगडीसाठी जाड वायर बाहेर आलेली, छताला दिव्याच्या जागी नुसत्या तारा. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं ही आधीच्या भाडेकरूची असतात आणि तो ती काढून नेतो, नाहीतर तुम्हाला विकतो. नवीन साधं स्वयंपाकघर बसवायला दोन-तीन हजार युरो सहज लागतात. जाहिरातीत स्वयंपाकघर आहे की नाही हे आधी बघा, भाडं त्यानंतर.

अनामत रकमेवर मात्र कायद्याची मर्यादा आहे: जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीट, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. हे फार थोड्या भारतीयांना ठाऊक असतं. दलालीही 2015 पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची आहे, म्हणजे बहुतेक वेळा घरमालकाने. तरीही अनामत, पहिलं भाडं, तात्पुरत्या घराचे आठवडे, स्वयंपाकघर, पलंग आणि तिकिटं मिळून पहिला पगार यायच्या आत आठ-दहा हजार युरो लागतात असं धरा. कंपनी त्यातलं काय देते हे सहीच्या आधी लेखी घ्या.

«तिकडे सगळंच महाग»

दूध लिटरला एक युरोच्या आसपास मिळतं. बटाटे, पीठ, अंडी, लोणी, पास्ता स्वस्त दुकानांतून घेतले तर स्थानिक पगाराच्या मानाने हलके पडतात, कारण तिथे बहुतेक खाद्यपदार्थांवर सातच टक्के कर आहे. खिसा रिकामा होतो तो माणसाच्या श्रमासाठी. प्लंबर, केस कापणं, कुलूप उघडून देणारा माणूस, बाहेरचं जेवण यांचे दर पाहून छाती दडपते. धुणी-भांडी आणि पोळ्यांना बाई ही कल्पनाच सोडून द्यावी लागते. हा खर्च यादीत दिसत नाही, कारण ते काम तुम्ही दोघं करता. तूरडाळ, कोथिंबीर, कढीपत्ता भारतीय दुकानातून आणायचे तर महागच पडतात.

उलट दिशेलाही पाहा. सरकारी शाळेला फी नाही. सार्वजनिक आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं जादा हप्ता न भरता येतात. औषधाच्या चिठ्ठीला पाच ते दहा युरो, रुग्णालयात राहिल्यास दिवसाला दहा युरो. सगळ्या देशभर लोकल गाड्या, बस, ट्राम यांना चालणारा मासिक पास 2025 मध्ये 58 युरोंचा होता, जानेवारी 2026 पासून 63 युरोंचा झाला. गाडी नसली तरी अडत नाही. मात्र शाळा जर्मन माध्यमाची असते. इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळाच हवी असा हट्ट धरलात तर वर्षाला पंधरा हजार युरोंच्या पुढे फी भरावी लागेल. तो हट्ट साठ हजारांच्या पगारात बसत नाही.

«इथलं घर बंद केलं की इथला खर्च थांबला»

थांबत नाही. फ्लॅटचा हप्ता चालूच राहतो. आई-वडिलांना तिकडच्या विम्यात घेता येत नाही, त्यामुळे त्यांचा मेडिक्लेम आणि औषधं इथेच भरावी लागतात. वर्षातून एकदा घरी यायचं तर तिघांची तिकिटं आली. फ्लॅट भाड्याने दिलात तर तुम्ही अनिवासी झाल्यापासून भाडेकरूने भाड्यातून 31.2 टक्के टीडीएस कापायचा असतो. विवरणपत्र भरून त्यातलं परत मिळू शकतं, पण तोवर पैसे अडकतात. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. परदेशातल्या कमाईच्या एनआरई ठेवीवरचं व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून जर्मनीतही करमुक्त असा समज पक्का झालेला आहे, तोही खोटा आहे. जर्मनीत रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं.

आता एका घराचा हिशेब. नवरा-बायको, साडेसहा वर्षांची मुलगी, पिंपळे सौदागरला स्वतःचा फ्लॅट. बायकोचं सीटीसी वीस लाख, नवऱ्याचं दहा. हातात महिन्याला अनुक्रमे साधारण 1 लाख 30 हजार आणि 70 हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता 45 हजार, आणि शाळा, किराणा, मदतनीस, पेट्रोल, आई-वडिलांचा मेडिक्लेम धरून एकूण खर्च 1 लाख 30 हजार. उरतात सत्तर हजार, पीएफ वेगळा.

ऑफर बायकोला आली आहे, साठ हजार युरोंची. नवरा नोकरी सोडतो. घरात येतात 3,750 युरो. वार्ममीट 1,500, वीज-इंटरनेट-फोन आणि प्रत्येक घराला भरावी लागणारी 18.36 युरोंची रेडिओ-टीव्ही वर्गणी मिळून 180, जेवणखाण 650, प्रवास 150, शाळा सुटल्यावरची व्यवस्था आणि मुलीचे छंद 200, कपडे, विमा, किरकोळ 250. खर्च 2,930 आणि शिल्लक 820. पुण्याच्या हप्त्यातून 25 हजारांचं भाडं वजा केलं तरी वीस हजार पाठवायचे, मेडिक्लेम-औषधांचे आठ हजार, म्हणजे 280 युरो. वर्षाच्या तिकिटांसाठी महिन्याला 200 बाजूला ठेवले. हातात उरतात 340 युरो, चौतीस हजार रुपये. वीसचे साठ झाले आणि शिल्लक सत्तर हजारांवरून निम्म्याच्याही खाली आली.

या हिशेबात मुलीची शाळेची फी वाचली, आजारपणाची धास्ती कमी झाली, पेन्शनमध्ये दरमहा कंपनीसकट नऊशेच्या वर युरो जमा होऊ लागले, हे मी विसरलेलो नाही. ते मोलाचंच आहे. पेन्शनचा हक्क मिळायला मात्र साठ महिन्यांची वर्गणी लागते. ही गोष्ट दोनच वर्षांचा विचार करून निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. 2017 पासून लागू झालेल्या भारत-जर्मनी करारामुळे दोन्ही देशांतला विम्याचा काळ एकत्र मोजता येतो.

पण साठ हजारांचा आकडा वाढवण्यापेक्षा हा हिशेब पालटायचा आणखी मोठा मार्ग नवऱ्याच्या नोकरीत आहे. ब्लू कार्ड या कुशल नोकरदारांच्या परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची मुभा असते. व्हिसासाठी जर्मन भाषेची अटही नसते. त्याला पंचेचाळीस हजार युरोंचं काम मिळालं तर घरात दरमहा आणखी सुमारे दोन हजार युरो येतात आणि शिल्लक दोन लाख रुपयांच्या वर जाते. अडथळा परवान्याचा नाही, भाषेचा आहे. सॉफ्टवेअर सोडून बहुतेक क्षेत्रांत बी-1, बी-2 पातळीची जर्मन मागतात आणि तिथवर पोचायला नेटाने अभ्यास केला तरी वर्ष-दीड वर्ष लागतं. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात हे वर्ग वर्षभर चालतात. ऑफर ज्याला आली त्याची कागदपत्रं होत राहतील. जोडीदाराचं नाव मात्र वर्गात त्याच आठवड्यात घालावं, आणि उरलेल्या अभ्यासक्रमाची फी तिकडची कंपनी भरेल का, हा प्रश्न पगाराच्या बोलणीतच काढावा.