संघाचे दप्तर

२०१४ सालच्या जुलै महिन्यात मुंबईस प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ झाला, तेव्हा तीत उतरलेल्या आठ संघांपैकी यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन आपल्या महाराष्ट्रातले होते. आणि ज्या खेळाने पिढ्यान्‌पिढ्या क्रीडा मंडळांच्या वर्गणीवर, मातीच्या मैदानावर आणि गल्लीतल्या दिव्यांच्या उजेडात आपला निर्वाह केला होता, तो खेळ पाहता पाहता मॅटवर आणि दूरचित्रवाणीवर येऊन स्थिरावला. त्याबरोबरच प्रत्येक संघाला इंटरनेटवर स्वतःचे एक पान लाभले. सामन्याचे तिकीट काढणे ज्याच्या ऐपतीत नाही, किंवा जो शिरोळहून, मस्कतहून वा न्यू जर्सीहून आपल्या संघाकडे डोळे लावून बसला आहे, त्या रसिकाचा संघाशी येणारा संबंध बहुतांशी या पानाच्या द्वाराच येतो. सामन्याच्या आधी तो तेथे येतो, सामना संपल्यावर येतो, आणि हंगाम नसतानाही अधूनमधून डोकावतो. म्हणून या पानाची रचना कशी असावी हा प्रश्न केवळ सजावटकारावर सोपवून देण्याजोगा नाही, असे माझे निश्चित मत आहे.

अशी पाने सामान्यतः एकाच साच्याची असतात. माथ्यावर दंड थोपटून उभ्या असलेल्या खेळाडूंचे भव्य छायाचित्र, त्याखाली प्रायोजकांच्या मुद्रा, मग ओळीने लावलेले चेहरे, आणि प्रत्येक चेहऱ्याखाली उंची, वजन व वय एवढाच तपशील. हा तपशील खोटा नसतो. परंतु तो रसिकाच्या कोणत्याच जिज्ञासेला पुरा पडत नाही. पुढचा सामना कोणत्या गावी, किती वाजता, कोणाशी. कालच्या लढतीत शेवटच्या पाच मिनिटांत हातचा सामना कसा गेला. जो पोरसवदा चढाईपटू काल प्रथमच मैदानात उतरला, तो कोणत्या गावचा आणि कोणाच्या हाताखाली तयार झाला. हे प्रश्न घेऊन माणूस पानावर येतो, आणि उत्तरादाखल त्याच्या हाती खेळाडूच्या वजनाचा आकडा पडतो.

पुढचा सामना, मागचा निकाल आणि गुणतक्त्यातले स्थान या तीन गोष्टी पान उघडताक्षणीच, बोट न हलवता दिसाव्यात, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पान बहुधा फोनवर, आणि पुष्कळदा प्रवासात, क्षीण जोडणीवर पाहिले जाते. तेव्हा माथ्यावरचे छायाचित्र उतरून येईपर्यंत हा मजकूर अडकून पडू नये, इतकी दक्षता घेतली की या अंगाचे काम संपले.

खरा विचार करावयाचा तो खेळाडूंच्या मांडणीचा. कबड्डीत सातांची एक रचना असते; दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या अंगास त्यांना साथ देणारे गडी, मध्यभागी साखळी धरून सरकणारे खेळाडू, आणि या सर्वांचे परस्परांशी असलेले अंतर हाच बचावाचा प्राण. मग पानावर चेहऱ्यांची रांग लावण्याऐवजी मैदानाचा अर्धा भागच रेखाटून, मध्यरेषा, निदान रेषा आणि बोनस रेषा दाखवून, प्रत्येक खेळाडू जेथे उभा राहतो तेथेच त्याचे नाव का असू नये? ज्याने आयुष्यात हा खेळ पाहिला नाही, त्यालाही अशा एका आकृतीवरून समजेल की डावा कोपरा सांभाळणाऱ्याची जबाबदारी कोणती, आणि तो जायबंदी झाला म्हणजे संघाची ती बाजू एकदम उघडी कशी पडते.

आकड्यांच्या बाबतीत तर अधिकच विवेक हवा. चढाईचे एकूण गुण मोठ्या अक्षरांत छापण्याची प्रथा सर्वत्र आहे, आणि ती नवख्या प्रेक्षकाला सहज चुकीच्या वाटेला नेते. चढाईची मुदत ३० सेकंदांची; संघ चार गुणांनी पुढे असताना आणि सामना सरत आला असताना जो अनुभवी गडी निदान रेषा ओलांडून, समोरच्या सातांना झुलवत, मुदत पुरी करून रिकाम्या हाताने परततो, त्याने संघाचे कार्य यथास्थित पार पाडलेले असते; परंतु हिशेबात त्याच्या नावे शून्य लागते. उलट लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यानंतर येणारी ‘डू ऑर डाय’ चढाई, जीत गुण न मिळाल्यास खेळाडू बादच व्हायचा, ती अंगावर घेणाऱ्याच्या अपयशाचे मोल निराळे धरले पाहिजे. बचावात तीनच किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेली पकड ‘सुपर टॅकल’ म्हणून एक गुण अधिक मिळवून देते, आणि पुष्कळदा अंगावर येऊ घातलेला लोण, म्हणजे सगळा संघ बाद होणे, व त्याबरोबर प्रतिपक्षाला मिळणारे दोन जादा गुण, तीच टाळते. तेव्हा आकडा द्यायचा तर त्याच्यासोबत प्रसंगही द्यावा: कोणत्या मिनिटाला, गुणफलक काय असताना, समोर किती गडी असताना. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचा अर्थ सांगणारे साध्या मराठीतले एखादे वाक्य असले, तर त्या पानावर खेळ कळू लागेल. आणि ज्याला खेळ कळू लागतो, त्याला पुन्हा पानावर बोलावून आणण्यासाठी दुसरे प्रलोभन लागत नाही.

परंतु मला या सगळ्याहून जी गोष्ट अधिक तळमळीने सांगावीशी वाटते, ती लिलावाची. या स्पर्धेत खेळाडू लिलावातून येतात आणि जातात, आणि संघाची बरीचशी नावे दर काही हंगामांनी पालटतात. अनूपकुमारचे उदाहरण घ्यावे. हरियाणाचा हा गडी यू मुंबाचा पहिला कर्णधार. २०१५ साली त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने अजिंक्यपद मिळवले. पुढे २०१८ मध्ये तो जयपूरच्या संघात गेला, त्याच वर्षाअखेरीस निवृत्त झाला, आणि २०१९ मध्ये पुणेरी पलटणीचा प्रशिक्षक म्हणून मुंबईच्या प्रतिपक्षात येऊन बसला. इराणचा फजल अत्राचली याचाही प्रवास असाच: २०१५ च्या विजयी यू मुंबात तो होता, मधल्या काळात पाटणा आणि गुजरात येथे खेळून २०१८ साली एक कोटी रुपयांच्या बोलीवर तो मुंबईस परतला, आणि २०२२ मध्ये पुण्याचा कर्णधार होऊन त्याने पलटणीला अंतिम सामन्यापर्यंत नेले. ज्या पानावर केवळ चालू हंगामाची नावे राहतात आणि नवा लिलाव झाला की जुनी पुसली जातात, त्या पानावर या दोघांच्या मुंबईतल्या पर्वाचा मागमूसही उरणार नाही. मग ज्या रसिकाने त्यांच्यासाठी घसा कोरडा केला, त्याने आपली निष्ठा नेमकी कशाला वाहिली होती?

आपल्या महसुली व्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीपासून आहे. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली म्हणजे तलाठी जुने नाव खरवडून काढीत नाही. फेरफाराची नोंद होते, सातबाऱ्यावर जुने नाव कमी झाल्याची खूण राहते, आणि फेरफाराचा क्रमांक धरून कोणालाही मागचा मालक कोण व हक्क कसा बदलला हे उकलता येते. संघाच्या पानाचेही तसेच असावे. प्रत्येक हंगामाचे पान स्वतंत्र राहावे. प्रत्येक खेळाडूचे एक कायमचे पान असावे, त्यावर तो कोणत्या साली कोणत्या संघात, कोणत्या जागी खेळला याची क्रमवार नोंद असावी. आणि तो संघ सोडून गेला तरी ते पान काढून टाकू नये. मुंबई आणि पुणे यांच्या आजवरच्या सर्व लढतींची एक सलग यादी दोन्ही संघांच्या पानांवर असावी, कारण स्पर्धेतला ईर्षेचा रंग अशा पूर्वपीठिकेतूनच गडद होतो. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच असे आग्रहपूर्वक प्रतिपादन केले होते की, पानाला एकदा दिलेला पत्ता बदलू नये. क्रीडासंघांना हा दंडक विशेष लागू आहे, कारण वृत्तपत्रांनी, अभ्यासकांनी आणि चाहत्यांनी दिलेले शेकडो दाखले त्या पत्त्यावर अवलंबून असतात.

खेळाडूच्या त्या कायमच्या पानावर त्याचे गाव आणि त्याचे पहिले मंडळ यांना मानाचे स्थान मिळावे. २०२४ च्या १ मार्चला हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पुणेरी पलटणीने आपले पहिले अजिंक्यपद मिळवले, तेव्हा तिचा कर्णधार अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातला तरुण होता. त्या विजयाचा आनंद त्या जिल्ह्यात किती निराळा असेल, हे त्याच्या उंची-वजनावरून कोणाला कळणार? गावामंडळांप्रमाणेच खेळाची स्वतःची परंपराही विसरू नये. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले होते. कबड्डीमहर्षी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. लीगचे संघ वयाने लहान असले तरी ज्या परंपरेच्या जोरावर ते उभे आहेत, ती त्यांच्या पानांवरही वाचायला मिळावी.

आणि ती मराठीत मिळावी. नावे व माहिती चित्राच्या पोटात कोरून ठेवल्यास ती शोधून सापडत नाही, आणि दृष्टिहीन रसिकाच्या फोनला ती वाचूनही दाखवता येत नाही; तोच मजकूर युनिकोडमधल्या देवनागरीत लिहिला आणि प्रत्येक छायाचित्राला त्याचे शब्दांत वर्णन जोडले, तर दोन्ही अडचणी अल्प श्रमात दूर होतात.

राहिला प्रश्न सामग्रीचा. मंडळांच्या कपाटांत जुनी गुणपत्रके, स्पर्धांची निमंत्रणे, पिवळी पडलेली सांघिक छायाचित्रे पडून आहेत, आणि ती देऊ इच्छिणारे चाहतेही पुष्कळ आहेत. संघाने ती मागवावीत. मात्र तारीख, स्थळ आणि छायाचित्रातील नावे यांची खातरजमा झाल्याखेरीज काहीही चढवू नये, आणि देणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने तेथे नमूद करावे. यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. खेळाची जाण असलेला आणि नोंदीची शिस्त मानणारा एक मनुष्य पगारावर नेमला तरी पुरे. लिलावाची तारीख जाहीर होताच गत हंगामाचे पान तपासून, त्यातील उणिवा भरून आणि त्याचा पत्ता कायम करून, मगच नव्या नावांच्या लेखनास हात घालावा, एवढी ताकीद त्याला पहिल्याच दिवशी द्यावी.