जुन्या जीपचे बळ का घटते?

मुंबईत विलीस जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. पुढे त्याच घडणीच्या डिझेल जीपा खेडोपाडी पोहोचल्या, आणि आज त्यांपैकी कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती शेतीकामास जुंपलेल्या आहेत. अशी गाडी एखाद्या हंगामात चढणीवर दम टाकू लागते. जो चढ दुसऱ्या गिअरात पार होत असे, तेथे पहिला गिअर घ्यावा लागतो. मालक कारखान्यात जातो व ‘इंजिनचे काम काढावे लागेल’ एवढे ऐकून परततो. इंजिन उतरवून बोअर करणे व पिस्टन-रिंगा बदलणे हा हंगामाची मिळकत गिळणारा खर्च होय. तो कबूल करण्यापूर्वी पुढील तपासण्या शेतकरी बंधूंनी स्वतः कराव्यात व ग्रामसेवकांनी त्या समजावून द्याव्यात.

प्रथम इंजिनचे बळ खरोखर घटले आहे, की ते वाटेतच खर्ची पडत आहे, हे ठरवावे. याकरिता सपाट रस्त्यावर शक्य तो ब्रेक न लावता पाच-सहा किलोमीटर गाडी चालवावी व ती आपोआप थांबू द्यावी. नंतर प्रत्येक चाकाच्या ब्रेक-ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्यावी. ड्रमला स्पर्श करू नये. एखादा ड्रम इतरांहून फार तापलेला आढळल्यास तेथील ब्रेक सुटत नाही असे समजावे. हा दोष बळ तर खातोच, परंतु घाट उतरताना तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. म्हणून त्याची दुरुस्ती त्याच दिवशी करावी.

क्लच घसरत असल्यास इंजिन गरजते, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही व जळकट वास येतो. सपाट जागी चाकांना दगडांची ओट लावावी, हँडब्रेक घट्ट ओढावा, समोर कोणी उभे राहू देऊ नये आणि वरच्या गिअरात क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक आहे. ते चालूच राहिल्यास क्लच तत्काळ दाबावा. ही परीक्षा वारंवार करू नये.

चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. चिखलातून बाहेर आल्यावर पुढच्या चाकांचा दांडा सोडविण्याचे राहून जाते. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत; डांबरी रस्त्यावर ती घसरून हा फरक भरून काढू शकत नाहीत, व सर्व यंत्रणा आवळली जाते. पुढील व मागील टायरांची झीज निराळी असली तर हा ताण सरळ रस्त्यावरही पडतो. दांडा निघत नसेल तर गाडी थोडी मागे घ्यावी. बहुधा तो सैल होतो. पूर्वीच्या मालकाने शोभेखातर मोठे टायर चढविले असतील, तर परिघ जितका वाढला त्याच प्रमाणात ओढ घटते. यात इंजिनचा काहीच अपराध नाही!

आता इंजिनकडे वळू. एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा व दुसऱ्याने, इंजिन बंद ठेवून, डिझेल पंपावरील दांडी शेवटच्या टोकापर्यंत जाते की नाही ते पाहावे. झिजलेल्या सांध्यांमुळे किंवा पेडलखाली दुमडलेल्या चटईमुळे ती अर्ध्यावरच राहते. हा दोष पाहण्यास एक मिनिट पुरते. तरी तोच पाहावयाचा राहतो.

चढावर काळा धूर येत असल्यास डिझेलच्या मानाने हवा कमी पडत आहे. मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ यांनी हवेचा फिल्टर कोंदतो. तेलाचा फिल्टर असल्यास त्यातील गाळ काढून नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. अधिक भरलेले तेल इंजिनात ओढले जाऊन इंजिन बेफाम होण्याचा धोका असतो. फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर राहिला तर नोझल तपासून घ्यावेत. निळा धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल तर एखाद्या सिलिंडरात डिझेल नीट पेटत नाही, किंवा पाणी शिरत आहे.

धूर नाही, आणि बळही नाही, अशा वेळी डिझेल अपुरे पोहोचत असण्याचा संभव सर्वांत अधिक. फिल्टर बदलून हवा काढावी. टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले असल्यास काही अंतर गेल्यावर गाडी मंदावते व झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तेथे भेग पडली तरी डिझेल गळत नाही. उलट हवा आत शिरते, व बाहेरून काहीच दिसत नाही. खात्रीसाठी गाडी उभी असताना स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर घट्ट बांधून त्यातून फीड पंपास नवी नळी जोडावी. हवा काढल्यावर इंजिन पूर्वीसारखे उसळले तर दोष टाकी व पंप यांच्या दरम्यान आहे. थोड्या रुपयांच्या रबरी नळीने मोठा खर्च वाचतो तो असा.

एखादा सिलिंडर निकामी आहे काय, हे पाहण्यासाठी इंजिन मंद चालू ठेवून नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट एकेक करून किंचित सैल करतात. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करीत होता. न बदलला तर दोष तेथेच. मात्र या नळीतील दाब इतका असतो की डिझेलची धार कातडीत शिरते. म्हणून हे काम जाणत्या मिस्त्रीनेच, डोळ्यांवर चष्मा लावून करावे. धार शिरल्यास जखम लहान दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावे.

एवढे झाल्यावरही बळ न आल्यास मगच टॅपेटचे अंतर व कॉम्प्रेशन यांकडे जावे. वंगणतेलाचे झाकण काढताच धुराचे झोत ठोक्यागणिक येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत. पेट्रोल जीप असल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर वंगणतेल टाकून कॉम्प्रेशन पुन्हा मोजतात. ते वाढले तर दोष रिंगांचा, न वाढले तर बहुधा झडपांचा. डिझेल इंजिनावर हा प्रयोग करू नये. प्रत्येक सिलिंडरचे आकडे मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्यावेत व इंजिन उतरविण्याचा निर्णय ते आकडे समोर ठेवून घ्यावा.