जहाजाचे तिकीट आणि तिकिटाबाहेरचा खर्च

बोरघाटाच्या माथ्यावर राहणाऱ्यांना समुद्र परका नाही. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वीही सह्याद्रीच्या घाटवाटांनी देशावर चढत असे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव कोरलेले आहे आणि धेनुकाकटच्या यवनांनी दिलेली दानेही तेथे नोंदलेली आहेत. मालाबरोबर निघणाऱ्या व्यापाऱ्याला नौकेचे भाडे, घाटाची जकात, हमालांची मजुरी आणि बैलांचा चारा यांचा आडाखा निघण्यापूर्वीच बांधावा लागे.

आज लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील आपली कुटुंबे माल घेऊन नव्हे, तर सहलीसाठी जहाजावर चढतात. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून गोवा व लक्षद्वीपच्या सफरी करू लागले. सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, मुलांची परीक्षा संपल्यावरची सुट्टी, सगळ्या भावंडांचा एकत्र प्रवास, अशा निमित्तांनी सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांपर्यंतही आपली माणसे पोहोचली आहेत. अशा वेळी दुकानात पैशापैशाचा हिशेब ठेवणारा गृहस्थ जाहिरातीतील एक आकडा पाहून निश्चिंत होतो आणि शेवटच्या रात्री केबिनच्या दारात आलेले बिल पाहून अस्वस्थ होतो. त्या अस्वस्थतेची झळ घरच्यांना बसते आणि पुष्कळदा जहाजावरच्या कामगारालाही बसते.

तिकिटात काय, तिकिटाबाहेर काय

जाहिरातीतील दर बहुधा ‘माणशी’ असतो आणि तो एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून काढलेला असतो. घरातील आजी स्वतंत्र केबिनमध्ये राहणार असतील, तर त्यांचे भाडे जवळजवळ दुप्पट होऊ शकते. त्याच केबिनमध्ये तिसरे माणूस घेतले, तर त्याचे भाडे पुष्कळदा कमी पडते. चौघांच्या कुटुंबाने एक केबिन घ्यावी की दोन, हे ठरवण्यापूर्वी दोन्हींचा एकूण आकडा लेखी मागावा.

मूळ भाड्यावर बंदरशुल्क, सेवाशुल्क आणि कर यांची भर पडते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर 1 ऑक्टोबर 2020 पासून टीसीएस वसूल केला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत. ते आपल्या सीएंकडून जाणून घ्यावेत. ही रक्कम विवरणपत्रात वळती करून घेता येते. म्हणून तो खर्च न धरता काही महिने अडकलेले भांडवल समजावे आणि ज्याच्या पॅनवर भरणा झाला त्याची नोंद ठेवावी.

जहाजावर रोकड चालत नाही. केबिनचे कार्ड हेच पाकीट असते आणि कार्ड दाखवताना पैसे गेल्याचे जाणवत नाही. भाड्यात साधारणपणे मुख्य भोजनगृहातील जेवण, पोहण्याचा तलाव आणि करमणुकीचे बहुतेक कार्यक्रम येतात. बाटलीबंद पेये, विशेष भोजनगृहे, इंटरनेट, छायाचित्रे, कपड्यांची धुलाई, स्पा आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे निराळे द्यावे लागतात. अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर पेयांच्या किमतीवर आणखी 18 ते 20 टक्के सेवाशुल्क चढते. मद्याची पॅकेजे हा अनेकांचा मोठा खर्च असतो. आपल्या घरांना तो प्रश्नच नाही. कॅसिनोचेही तसेच, कारण सप्तव्यसनांत द्यूताचा क्रम पहिला आहे. आपल्याकडे गळती होते ती मुलांच्या हातातील कार्डातून, व्हिडिओ खेळांच्या दालनात आणि सरबतांच्या काउंटरवर. स्वागतकक्षात सांगून मुलांच्या कार्डावर मर्यादा घालून घेता येते.

मोबाइलविषयी विशेष सावध राहावे. किनारा दूर गेला की फोन आपोआप जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर साध्या रोमिंगपेक्षा कितीतरी चढे असतात. जहाज सुटताच सर्वांचे फोन ‘विमान’ स्थितीत ठेवावेत. दुकानाशी संपर्क अटळ असेल, तर एकाच फोनसाठी इंटरनेट घ्यावे.

जहाजावरचा डॉक्टरही पैसे घेतो, आणि त्याचे बिल जहाजाच्या चलनात येते. ज्येष्ठांची औषधे घरूनच पुरेशी न्यावीत, उलटीच्या गोळ्या सोबत असाव्यात आणि सागरी प्रवासाचा समावेश असलेला विमा उतरवावा. बंदरावर स्वतःच गाडी करून फिरणाऱ्यांनी वेळेचे भान ठेवावे. ठरलेल्या वेळी जहाज सुटते, आणि मागे राहिलेल्याला पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते.

सेवाशुल्क हे दान नव्हे

सर्वाधिक वाद होतो तो टिपेवरून. आपण टीप म्हणजे दिवाळीचे पोस्त समजतो: मन प्रसन्न झाले तर द्यावे, नाही तर देऊ नये. त्यातच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी हॉटेले व उपाहारगृहे यांना बिलात आपोआप सेवाशुल्क लावण्यास मनाई केली आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. लोणावळ्यात बिलावरचा सेवाशुल्क वगळून घेणारा ग्राहक जहाजावरही तोच हक्क सांगू लागतो. परंतु जहाजावरचा प्रवास तिकिटासोबतच्या करारपत्राने बांधलेला असतो, आणि जहाज अनेकदा परदेशी ध्वजाखाली चालते. वाद घालण्यापूर्वी ते करारपत्र वाचणे शहाणपणाचे.

मोठ्या अमेरिकन कंपन्या साध्या केबिनसाठी माणशी दररोज साधारण 16 ते 20 डॉलर आकारतात, आणि बहुतेक ठिकाणी मुलांसाठीही. चौघांचे कुटुंब, चार रात्री, 18 डॉलर दर: एकूण 288 डॉलर. डॉलर 90 रुपयांचा धरला, तर 25,920 रुपये. कार्ड कंपनीचा परकीय चलनावरचा आकार त्यावर आणखी. हा आकडा आधी ठाऊक नसेल, तर तो लुबाडणूक वाटतो. काही जहाजांवर स्वागतकक्षात अर्ज करून ही रक्कम कमी करता येते किंवा काढूनही टाकता येते. ‘सगळेच काढतात’ असे सांगून गटातील एखादा अनुभवी प्रवासी इतरांनाही त्या रांगेत उभा करतो.

येथे थोडे थांबून विचार व्हायला हवा. केबिन झाडणारा, ताट वाढणारा, पडद्यामागे भांडी घासणारा यांचे मूळ वेतन बेताचे असते. प्रवाशांकडून येणारे सेवाशुल्क हा त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग असतो. त्यांत गोव्याचे आणि कोकणातले तरुण असतात, फिलिपिन्स व इंडोनेशियाचेही असतात. ते सलग सहा ते नऊ महिने घराबाहेर राहतात. सागरी कामगारांविषयीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ज्याला भारताने 2015 मध्ये मान्यता दिली, त्यांना चोवीस तासांत किमान 10 तास विश्रांती मिळाली पाहिजे. म्हणजे 14 तासांपर्यंतचे काम नियमात बसते.

ही रक्कम भाड्यातच का धरत नाहीत, हा आपला प्रश्न रास्त आहे. भाडे कमी दाखवून उरलेले मागाहून घेणे हे मिठाईच्या तराजूत खोका चढवण्यासारखेच, आणि आपल्या परंपरेने हीनाधिक मानोन्मान हा अचौर्यव्रताचा अतिचार मानला आहे. पण कंपनीच्या दोषाचा दंड वाढप्याने का भरावा? अहिंसाव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हेही सांगितले आहेत: आश्रितावर अति ओझे लादणे आणि त्याचे अन्न तोडणे. कीटकांची विराधना टाळणाऱ्या गृहस्थाने कामगाराची मिळकत तोडावी, हे विसंगत आहे. तक्रार असेल तर ती कंपनीकडे लेखी करावी. ठरलेले सेवाशुल्क मात्र वेतन समजून द्यावे.

वेतन दिल्यावर मनापासून द्यायची बक्षिसी वेगळी. ती ऐच्छिक आहे, छोटी असली तरी चालते, आणि ती ज्याची त्याच्या हातात द्यावी. त्यासाठी थोडी सुटी रोकड सोबत असावी.

मावळातील पाले येथील लेण्यात अर्हतांना वंदन करून सुरू होणारा प्राचीन ब्राह्मी शिलालेख आहे. अनेक अभ्यासक तो जैन परंपरेचा मानतात. इंदरखित नावाच्या भदंतांनी लेणे आणि पाण्याची पोढी करविली, एवढेच त्यात सांगितले आहे: कोणी दिले आणि काय दिले. दान असो वा वेतन, व्यवहार इतकाच स्वच्छ असावा.

आपल्या ताटाचा प्रश्न

मुंबई आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या काही जहाजांवर जैन भोजन मिळते. तरीही ‘जैन’ एवढा एकच शब्द लिहून थांबू नये. कंदमूळ नको, अंडे नको, मध नको, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावे. चौविहार करणाऱ्यांनी भोजनाची वेळ विचारून घ्यावी. डिसेंबरात मुंबईजवळ सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, आणि भोजनगृह पुष्कळदा तेव्हाच उघडते. नवकारशी आणि उकळलेले पाणी यांचीही व्यवस्था पहिल्याच दिवशी मुख्य वाढप्याशी बोलून ठरवावी. या सोयींसाठी वेगळा आकार आहे काय, ते आधी विचारावे. घरचे शिजवलेले अन्न बहुधा आत नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातील खाखरा, चिक्की चालते का, याची खात्री करावी. रोज आपल्यासाठी वेळेआधी स्वतंत्र भांड्यात भाजी करणारा आचारी मात्र बक्षिसीच्या वेळी हमखास विसरला जातो, कारण तो समोर येत नाही.

आधी परिमाण, मग प्रस्थान

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे, भोगोपभोग-परिमाण आहे: कोठवर जावे आणि किती वापरावे याची मर्यादा आधीच ठरवणे. चातुर्मासात प्रवास आवरण्याची आपली रीत आणि पावसाळ्यात खवळणारा अरबी समुद्र यांचाही मेळ बसतो. सहलीचा हिशेब याच वृत्तीने मांडावा. भाडे व कर, सेवाशुल्क, लोणावळ्याहून बंदरापर्यंतचा प्रवास, विमा, किनाऱ्यावरच्या सहली, ऐच्छिक खर्च आणि बक्षिसी असे सात रकाने करावेत. जहाजावर डेबिट कार्डाऐवजी क्रेडिट कार्ड नोंदवावे, कारण अनामतीपोटी डेबिट कार्डावरची खरी शिल्लक अडकून पडते. खाते रोज सायंकाळी तपासावे. शेवटच्या रात्री स्वागतकक्षासमोर लांब रांग असते. संघाने जाणाऱ्यांनी सेवाशुल्क सर्वांकडून निघण्यापूर्वीच गोळा करावे, म्हणजे समुद्रावर वर्गणीचा विषय निघत नाही.

आयंबिलाच्या ओळीत आपण श्रीपालराजाची कथा ऐकतो. धवलशेठची अडकलेली जहाजे श्रीपालाने नवपदाच्या स्मरणाने हलवली, आणि एवढे उपकार करूनही तो त्याच्या जहाजात फुकट बसला नाही. भाडे ठरवून बसला. पुढे धवलाचा लोभ धवलालाच बुडवतो. आपल्या मुलांना जहाज दाखवताना ही कथाही सांगावी, आणि शेवटच्या दिवशी केबिन झाडणाऱ्याच्या हाती बक्षिसी देण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे.