रस्ता सुधारला, गाडी उंच झाली

बीड शहरात पहिली रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळीला ती जुनी होती, आष्टीपर्यंत २०२२ साली पोचली. पण जिल्ह्याचं ठिकाण मात्र तोवर एसटी आणि जीप यांच्याच भरवशावर होतं. दवाखाना असो, कोर्ट असो, नाहीतर मोंढा, चार चाकं मिळाली तरच काम व्हायचं. इथल्या माणसाला गाडीचं वेड आहे असं बाहेरचे हसत म्हणतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. वेड नंतर आलं. आधी गरज होती, आणि गाडीची उंची हा त्या गरजेचाच भाग होता.

नव्वदच्या दशकातला जिल्हा आठवा. सोलापूर–धुळे रस्ता तेव्हा २११ क्रमांकाचा होता आणि त्याचं डांबर साइडपट्टीपेक्षा वीतभर वर असायचं. समोरून ट्रक आला की एक चाक खाली उतरवायचं आणि पुन्हा वर घ्यायचं. लहान गाडीचं पोट तिथेच घासायचं. मांजरसुंब्याच्या घाटात खड्डे, पाटोदा-शिरूरच्या बाजूला खडी, आणि गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यात काळी माती. अशा मुलखात महिंद्राची कमांडर आणि टेम्पो ट्रॅक्स या दोन गाड्यांनी राज्य केलं. काळी-पिवळी म्हणून धावणाऱ्या या जीपमध्ये माणसं किती बसायची याचा हिशेब कागदावर वेगळा आणि प्रत्यक्षात वेगळा असे. मागच्या पायरीवर चार, बोनेटच्या बाजूला एखादा, टपावर बोचकी आणि कधी शेळीसुद्धा.

गाडीची उंची वाढवण्याची कला बीडला शिकवली ती या काळी-पिवळीनं. मालक जीप मिस्त्रीकडे न्यायचा आणि सांगायचा, ‘कमान बसली, दोन पाटे टाका.’ मिस्त्री मागची बाजू जॅकवर घ्यायचा, यू-बोल्ट ढिले करायचा, सेंटर बोल्ट काढून पाट्यांचा गठ्ठा सोडवायचा. भट्टीत तापवून बाक दिलेले जाड पाटे मधे सरकवले जायचे आणि पुन्हा हातोड्यानं ठोकून गठ्ठा आवळला जायचा. रिकामी जीप मग मागून उचललेली दिसे, माणसं भरली की सपाट होई. नुसत्या ड्रायव्हरसह निघाली की मात्र प्रत्येक खड्ड्याला मागचा भाग उडत असे. हे सगळं ओझ्यासाठी होतं. त्याला कुणी मॉडिफिकेशन म्हणत नव्हतं, आणि त्याचा फोटोही कुणी काढला नाही.

टाटा सुमो १९९४ ची, बोलेरो २००० ची. दोन्ही इथे रुळल्या. बोलेरोच्या मागे कमानपाटेच असल्यामुळे मिस्त्रीला नवं काही शिकावं लागलं नाही. पण चित्र पालटलं ते जून २००२ मध्ये, स्कॉर्पिओ आली तेव्हा. महिंद्राच्या पवन गोएंका यांच्या चमूनं तयार केलेली आणि नाशिकच्या कारखान्यातून निघणारी ही गाडी दिसायला जीप नव्हती आणि कारही नव्हती. उंच बसायला मिळायचं, एसी होता, आणि चेसिस शिडीसारखी दणकट होती. जिल्हा परिषदेचा सदस्य, रस्त्याचा ठेकेदार, कारखान्याला ऊसतोड टोळ्या पुरवणारा मोठा मुकादम, यांच्या दारात ती पाहता पाहता उभी राहिली. लग्नाच्या बोलणीतसुद्धा ‘स्कॉर्पिओ आहे’ एवढं पुरायचं.

त्या पहिल्या दहा वर्षांत तिची उंची कुणी फारशी वाढवली नाही. हौस पुढच्या बंपरवर आणि काचांवर भागवली जायची. पुढे लोखंडी गार्ड, वर दिव्यांची पट्टी, काचांना काळी फिल्म, आणि नंबर असा की दुरून ‘दादा’ वाचता यावा. एकेक करून या गोष्टी कायद्यानं गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१२ मध्ये काचांवरच्या फिल्मला बंदी घातली. १ मे २०१७ पासून पुढाऱ्यांच्या टपावरचे लाल दिवेही उतरले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंपर गार्डविरुद्ध केंद्राचं पत्र निघालं. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी सक्तीची झाली, तेव्हा आकड्यांतले ‘दादा’ही संपले. हौसेला जागा उरली ती टायरांत आणि उंचीत. मला हा योगायोग वाटत नाही.

२००९ मध्ये टोयोटाची फॉर्च्युनर आली होती. ती परवडणारे मोजकेच, पण तिच्या टायरचं माप इथल्या टायरवाल्यांच्या तोंडी बसलं: २६५/६५, सतरा इंची. स्कॉर्पिओचं २०१४ नंतरचं माप २३५/६५, तेही सतराच इंची. डिस्क सतराचीच, मग फॉर्च्युनरचा टायर का नको, असा साधा विचार होता. ‘दोनशे पासष्ट टाकले’ हे वाक्य तिथून सुरू झालं.

या मापाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. २३५/६५ चा टायर जमिनीपासून वरपर्यंत ७३७ मिलिमीटर भरतो, २६५/६५ चा ७७६. फरक ३९ मिलिमीटरचा, पण गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम वीस. एका बोटाच्या जाडीएवढी उंची. बदल्यात चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढतो. काट्यावर १०० दिसतात तेव्हा चाकं आधीपेक्षा पाच टक्के जास्त पळत असतात. कंपनीचा काटा मुळात थोडा पुढे दाखवतो म्हणून ते चटकन लक्षात येत नाही. किलोमीटरही कमी मोजले जातात. ‘मोठे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडलं’ अशी तक्रार असते, तिच्यातला काही भाग खरा, कारण जड चाक फिरवायला डिझेल लागतंच. काही भाग मात्र या चुकलेल्या मोजणीचा. रुंद टायर अरुंद डिस्कवर चढवला तर तो मधून फुगतो आणि नेमका मधेच झिजतो, हे टायरवाला सांगतो, पण पैसे घेऊन झाल्यावर.

उंचीची खरी लाट आली महिंद्राच्या थारसोबत. २०१० ची जुनी थार मोजक्या हौशींची होती. २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेली नवी थार पोरांच्या डोक्यात बसली. कारखान्यातूनच ती जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर असते आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. बालाघाटातल्या कुठल्याही गाडीवाटेला एवढं पुरून उरावं. तरीही दोन इंची लिफ्ट किट आणि तेहतीस इंची टायर हे गावातल्या गप्पांचे शब्द झाले. मोबाइलवर पंजाब-हरियाणाच्या जीप दिसत होत्या. मंडी डबवालीच्या कारागिरांनी बांधलेल्या उघड्या जीपचं आकर्षण आधीपासून होतंच, त्यात ऑस्ट्रेलियन सस्पेन्शनची नावं येऊन मिळाली. आपल्याकडचा मिस्त्री पाट्यात पारंगत होता. नव्या गाड्यांत मात्र पुढे-मागे कॉइल स्प्रिंग होत्या. तिथे पाटा घालता येत नाही. मग स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे धातूची किंवा कडक प्लास्टिकची जाड चकती बसवायची, नाहीतर पूर्ण स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर बदलायचे. पहिला मार्ग स्वस्त, म्हणून तोच चालतो.

बीडच्या बार्शी नाक्याकडच्या एका गॅरेजात अशीच लिफ्ट केलेली एक गाडी मी खालून पाहिली. पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा शाफ्ट आता तिरका झाला होता आणि त्याच्या रबरी बुटाच्या घड्या एका बाजूला ताणल्या गेल्या होत्या. त्याच घडीत बारीक चीर पडून ग्रीस बाहेर आलं होतं आणि त्या ग्रीसला काळी धूळ चिकटली होती. ब्रेकचा होज पूर्ण ताणलेला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासत होता, तिथे चकचकीत चंद्रकोर उमटली होती. मिस्त्रीचा सल्ला होता, ‘प्लास्टिक कापून टाकू.’ चाकाचा कोन बिघडला होता त्याबद्दल तो काही बोलला नाही. अलाइनमेंटचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं.

आणि एवढं करून पदरात काय पडतं? थारसारख्या गाडीला मागे अखंड ॲक्सल असतो. त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा हाच तिचा सगळ्यात खालचा भाग. स्प्रिंगच्या डोक्यावर चकती घातल्यानं बॉडी वर जाते, गोळा जिथे होता तिथेच राहतो, कारण तो चाकांना बांधलेला आहे. दगड गोळ्याला लागणार असेल तर तो लिफ्टनंतरही लागतो. गोळा वर जातो तो फक्त मोठ्या टायरमुळे, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्माच. लिफ्टचा खरा उपयोग असतो मोठ्या टायरला मडगार्डखाली हालचाल करायला जागा देण्यासाठी आणि चढ-उताराच्या तोंडाशी बंपर टेकू नये म्हणून. ज्याला हे हवंय त्यानं जरूर करावं. बाकीच्यांनी दोन इंचांचे पैसे फक्त गाडी बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी मोजलेले असतात. शिवाय बॉडीचं वजन वर जातं आणि चाकांमधलं अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे जोरात वळण घेताना गाडी उलटण्याची शक्यता वाढते. धारूरच्या अरुंद घाटात, समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला आणि एकदम स्टिअरिंग फिरवावं लागलं, तर काय होऊ शकतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको.

काळ्या रानातली गोष्ट आणखी वेगळी. पाऊस पडून गेला की आपली माती चाकाला लपेटत जाते. टायर आणि मडगार्ड यांच्या मधली मोकळी जागा भरली की चाक फिरायचं थांबतं. रुंद टायर लावून ती जागा आधीच बुजवलेली असेल तर गाडी लवकर अडकते आणि बैलजोडी नाहीतर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत जिल्ह्यातल्या नद्या-ओढे फुगले, पूल बुडाले. वाहत्या पाण्यात उंच गाडीही तरंगू लागते आणि वाहून जाते; दोन इंचांनी तिथे काही फरक पडत नाही.

खरं अवघड काम करणाऱ्या गाड्या कुठल्या आहेत हे पाहायचं असेल तर पवनचक्क्यांच्या डोंगरावर जावं. कच्च्या चढांवरून दिवसातून अनेकदा माणसं आणि सामान नेणाऱ्या बोलेरो आणि पिकअप कंपनीनं दिल्या तशाच असतात, टायर मापाचे आणि झिजलेले. उंचावलेली थार मात्र नगर रोडवरच्या हॉटेलासमोर धुऊन उभी असते. याच काळात जुना २११ क्रमांकाचा रस्ता ५२ झाला, चौपदरी झाला, बीडला बायपास मिळाला. रस्ता वाईट होता तेव्हा ओझ्यापुरते पाटे टाकले, आणि रस्ता गुळगुळीत झाल्यावर उंचीची चढाओढ लागली. यात निवडणुकांचा, ताफ्यांचा आणि रीलचा वाटा मोठा आहे. ताफ्यातली मागची गाडी पुढच्यापेक्षा बुटकी दिसून चालत नाही.

या दिमाखाला एक काळी बाजूही लागली. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली आणि त्या प्रकरणात पोलिसांनी एक काळी स्कॉर्पिओ जप्त केली. पुढचे कित्येक महिने राज्यभर बीडचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांसमोर ती गाडी यायची. कर्ज काढून घेतलेली स्कॉर्पिओ शेतीला आणि मुलांच्या शाळेला वापरणाऱ्यांवर हा अन्याय होता. पण गाडीचा धाक वाटावा म्हणून वर्षानुवर्षं ती सजवली गेली होती, हेही नाकारता येत नाही.

कायदा याबाबतीत आडपडदा ठेवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ऑस्ट्रेलियात ठरावीक मर्यादेपर्यंत उंची वाढवता येते, त्यापुढे इंजिनिअरचा दाखला लागतो. आपल्याकडे अशी मधली वाट असायला हवी होती असं माझं मत आहे. सरसकट बंदी आणि सरसकट दुर्लक्ष यांमुळे काम चोरून होतं आणि वाईट होतं. अपघात झाला की विमा कंपनी मात्र कलम शोधून काढते, आणि दावा तिथेच अडतो.

तेव्हा एमएच-२३ असो की अंबाजोगाईची एमएच-४४, गाडी कंपनीच्या उंचीवरच राहू द्या आणि पैसे चांगल्या टायरांवर घाला, त्याच मॉडेलला कंपनीनं दिलेल्या मापाच्या. आणि उंची वाढवून बसला असाल, तर निदान अलाइनमेंट करा, रबरी बूट तपासा आणि हेडलाइटचा झोत खाली करून घ्या. उंचावलेल्या गाडीचा तो झोत समोरच्या दुचाकीवाल्याच्या थेट डोळ्यांत जातो. झोत खाली करायला एका स्क्रू ड्रायव्हरचं काम आहे, आणि ते बहुतेक गाड्यांवर अजून झालेलं नाही.